रोज साडेतीनशे पोळ्या आणि उजवा अंगठा : हात बघणारं माणूस शोधायचं कसं?

पोळपाट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, पाककृतींच्या धाग्यांवर अधूनमधून नाक खुपसलंय, पण स्वतः धागा काढायची ही पहिलीच वेळ. चूकभूल झाली तर सांभाळून घ्या, कारण हे सगळं डाव्या हाताच्या एका बोटाने टंकतेय. उजव्याचीच तर तक्रार आहे.

मी ४७ वर्षांची. कोथरूडला पोळी-भाजी केंद्र चालवते, अकरा वर्षं झाली. पहाटे पाचला कणीक मळायला घेते, साडेअकराला डबे बाहेर पडतात. संध्याकाळी पुन्हा साडेपाच ते आठ. दिवसाला साडेतीनशेच्या आसपास पोळ्या होतात, म्हणजे नऊ-दहा किलो कणीक. भाजायला एक मावशी आहेत, भाज्या चिरायला एक मुलगी येते. लाटणं मात्र माझ्याच हातात. गिऱ्हाईक भाजीला नावं ठेवून परत येतं, पण पोळी बिघडली की येत नाही. मधे दोन महिने लाटायला बाई ठेवली होती, तर तिसऱ्या दिवशी एका आजोबांचा फोन, "आज तुम्ही नव्हतात का हो?"

यंदा होळीला पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी हावरटासारख्या घेतल्या. दोन दिवसांत सहाशे. तिसऱ्या दिवशी सकाळी कुकरचं झाकण काढायला गेले आणि अंगठ्याच्या मुळातून कळ निघाली ती थेट कोपरापर्यंत. तेव्हापासून ती मुक्कामालाच आहे. किल्ली फिरवताना, फडकं पिळताना, नातीला काखेत हात घालून उचलताना जीव जातो. उजवा खांदा भरून येतो, टाचा संध्याकाळी टेकवत नाहीत. अलीकडे रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की जरा बरं वाटतं.

आतापर्यंत काय काय केलं ते सांगते, म्हणजे तेच सल्ले पुन्हा मिळायला नकोत.

पहिल्यांदा एका मोठ्या हॉस्पिटलात गेले. एक्स-रे काढला, हाड ठीक आहे म्हणाले, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि वर "पोळ्या लाटणं बंद करा." एवढं बोलून पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. आता, बंद करायचं असतं तर मी त्यांच्याकडे कशाला गेले असते? आराम कर हे तर माझी आई फुकटात सांगते. गाळ्याचं भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला जातं, त्याला अंगठा समजत नाही.

मग सुनेने वाढदिवसाला स्पाचं कूपन दिलं. बासरी लावलेली, मोगऱ्याच्या वासाची मेणबत्ती, पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या. पोरगी फार गोड होती, "मॅम, प्रेशर मीडियम की सॉफ्ट?" असं दहादा विचारलं तिने. मी दहा मिनिटांत घोरायला लागले असणार. पाठ हलकी झाली, खोटं कशाला बोलू. पण हाताला तिने क्रीम लावून वरवर कुरवाळलं फक्त. बिल बघितलं, दोन हजार दोनशे. दीडशे-दोनशे पोळ्यांचे पैसे होतात हे! वर्षातून एकदा चैन म्हणून ठीक.

तिसरा उद्योग सांगायला लाज वाटते. शेजारच्या वहिनींच्या आग्रहाखातर गावाकडच्या एका हाडवैद्याकडे गेले. त्याने "शीर सरकलीय" म्हणत मनगट धरून असा काही हिसका दिला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. वर पाला बांधला. पुढचे तीन दिवस लाटणं हातात धरता आलं नाही, केंद्राला कुलूप.

माझी अडचण अशी, की मला "बरी करा" म्हणायचंच नाहीये. उद्या पहाटे पाचला ही बाई पोळपाटासमोर उभी असणारच, हे गृहीत धरून कुणीतरी माझा हात हातात घ्यावा. असं माणूस शोधतात कुठे? फिजिओ, पंचकर्म, ॲक्युप्रेशर, योगासनं, मालिश... कोण कशासाठी, काही कळत नाही. प्रत्येक बोर्डावर सगळंच लिहिलेलं असतं, कंबरदुखीपासून वंध्यत्वापर्यंत. मुलीच्या बाळंतपणात मालिशला यायच्या त्या सुमनबाईंची आठवण येते राहून राहून. त्यांचा हात लागला की पोरगी बसल्या जागी पेंगायची. पण मोठ्या बाईच्या दुखऱ्या हाताला त्या चालतील का?

महिन्याला दीड-दोन हजार खर्च करू शकते. आणि वेळ मला फक्त दुपारी एक ते चार. त्या वेळात पुण्यात कोण उघडं असतं ते मी सांगायला नको.

गोदाकाठ

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. न बघता निदान करत नाही, पण तुम्ही लिहिलंय ते इतकं नेमकं आहे की गप्प बसवत नाही.

अंगठा मागे ओढणारे दोन स्नायूबंध मनगटाच्या कडेने एका अरुंद खोळीतून जातात. परकराच्या नेफ्यातून नाडी जाते तसे. नाडी सुजली किंवा नेफा जाड झाला की प्रत्येक ओढीला घासणार. याला डी क्वेर्वेन म्हणतात, १८९५ मध्ये त्या नावाच्या स्विस शल्यविशारदाने वर्णन केलं म्हणून. तान्ह्या बाळाला सारखं काखेत धरून उचलणाऱ्या आयांना हे बऱ्याचदा होतं. तुम्ही नातीचा उल्लेख केलात तिथेच माझे कान टवकारले. एकदाच, हळू करून बघा : अंगठा मुठीत घ्या आणि मूठ करंगळीच्या बाजूला झुकवा. अंगठ्याच्या मुळाशी जीवघेणी कळ आली तर संशय बळावतो. रोज रोज करून बघू नका, लोक तीच परीक्षा वीसदा करतात आणि दुखणं वाढवून माझ्याकडे येतात.

रात्रीच्या मुंग्या ही मात्र वेगळी भानगड वाटते. नेमक्या कुठल्या बोटांना येतात? अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, आणि करंगळी साफ सुटलेली, असं असेल तर मनगटाच्या बोगद्यात मधली नस दाबली जातेय. ते असेल तर थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. दोन्हींचा या नसेशी जुना संबंध आहे, साखरेचा तर खांद्याशीही. चाळिशीनंतरच्या बाईचा हात दुखतो म्हणून नुसता हातच बघणारा अर्धंच काम करतो.

माणूस कसं ओळखायचं? आमच्या वेळी साडेचार वर्षांची पदवी होती, त्यातले सहा महिने इंटर्नशिपचे. महाराष्ट्रात आमच्यासाठी २००२ चा कायदा आहे, राज्याची परिषद आहे, नोंदणी क्रमांक असतो. बोर्डावर नसेल तर विचारा, चांगला माणूस रागावत नाही. पण खरं सांगू, नोंदणी ही पहिली चाळण. दुसरी चाळण म्हणजे तो तुम्हाला पहिला प्रश्न काय विचारतो. "कुठे दुखतं" हे सगळेच विचारतात. "दिवसभर काय करता, दाखवा करून" असं जो म्हणेल त्याच्याकडे थांबा. हात मशीनला जोडून दिला, दहा मिनिटांनी काढला आणि काउंटरवर दहा बैठकांचं पॅकेज पुढे केलं, तर नमस्कार करून उठा. मशीन वाईट नसतं, पण मशीनने लाटण्याची पद्धत बदलत नाही.

दोन गोष्टी आत्ताच. नुसता क्रेप बँडेज गुंडाळून उपयोग नाही, अंगठ्यालाही आधार देणारा पट्टा मिळतो मेडिकलमध्ये, तो काम नसेल तेव्हा आणि झोपताना वापरा. आणि दुखऱ्या जागेवर कुणालाही रगडू देऊ नका, मग ती कितीही प्रेमळ मालिशवाली असो. नाडी आधीच सुजलीय, तिला अजून घासून काय मिळणार? मालिश खांद्याला, दंडाला, पोटऱ्यांना खुशाल करून घ्या.

वस्तू हातातून पडायला लागल्या, अंगठ्याच्या गादीचं मांस उतरलेलं दिसलं किंवा बधिरपणा दिवसाही जाईना, तर मात्र आमच्याकडे वेळ घालवू नका, थेट हाडांच्या डॉक्टरकडे. इंजेक्शन देतात, पुष्कळांना त्याने बरं वाटतं. क्वचित छोटी शस्त्रक्रिया लागते.

आणि दुपारची वेळ मागून बघा. छोट्या क्लिनिकवाले दोनचा पेशंट मिळाला तर आनंदाने घेतात. पाटीवरचं "एक ते चार बंद" हे फोन न करणाऱ्यांसाठी असतं.

पोळपाट

अहो, नेफा आणि नाडी! इतकी वर्षं डॉक्टर लोक असं का बोलत नाहीत?

मूठ वळवून बघितली. किंचाळले. मुलगा आतल्या खोलीतून धावत आला. मुंग्यांचं म्हणाल तर करंगळी ठणठणीत आहे, बाकीची मंडळीच रुसलेली. थायरॉइड कधी तपासलेलं नाही. वजन वाढलंय, केस गळतात, थंडी वाजते, पण चुलीसमोर उभ्या असलेल्या बाईला थंडी वाजते हे कुणाला सांगणार?

लालमाती

ताई, मी कोल्हापूरचा. चोविसाव्या वर्षापर्यंत तालमीत होतो, आता मार्केट यार्डात गुळाचे रवे उचलतो. तीस-तीस किलोचा एक, आणि हंगामात दिवसाला किती ते मोजायचं नसतं. तेव्हा अंग दुखणं म्हणजे काय, ते मला शिकवू नका.

तालमीत मालिश विकत मिळत नव्हती. मेहनत झाली की जोडीदाराने जोडीदाराला करायची, आज तू माझी, उद्या मी तुझी. तेल तिळाचं नाहीतर सरकीचं, जे परवडेल ते. आमचे वस्ताद एक सांगायचे : आखडलंय तिथं हात लावा, सुजलंय तिथं लावू नका. पोरगं पडून मनगट सुजलं तर कुणाची टाप नव्हती तेल घेऊन जवळ जायची. ओलं फडकं बांधायचे आणि आखाड्याच्या कडेला बसवायचे. वरचे डॉक्टर तेच सांगतात म्हणून बरं वाटलं.

हाडवैद्याचं बोलू नका. आमच्यातल्या एकाचा खांदा निखळला, ज्याने बसवला तो हात चांगला होता, मानतो. पण त्याच माणसाकडे मोडलेलं मनगट घेऊन गेलेला पोरगा आज सरळ हाताने पाण्याचा तांब्या धरू शकत नाही. निखळलेलं काय, मोडलेलं काय आणि नुसतं सुजलेलं काय, हे फोटो काढल्याशिवाय त्यालाही कळत नाही, मला अन् तुम्हालाही नाही. दुसरं, कुणी "जडीबुटीची पुडी" दिली आणि दोन दिवसांत जादू झाल्यासारखं दुखणं पळालं तर समजा, काहीतरी काळंबेरं आहे. असल्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडलंय. माझ्या चुलत्याचं तोंड सुजून असं गोल झालं होतं आणि तो म्हणायचा तब्येत सुधारली.

जाता जाता एक. आम्हा हमाल-माथाडींसाठी १९६९ साली कायदा झाला, बोर्ड आहे, हजेरी आहे. दहा किलो कणीक मळणाऱ्या बाईच्या हाताला कुणी काम म्हणतच नाही, घरचंच समजतात सगळे. डॉक्टरकडे गेल्यावर "पोळ्या लाटते" म्हणू नका. "रोज साडेतीनशे लाटते" म्हणा. आकडा सांगितल्यावर माणूस मान वर करून बघतो.

सदाफुली

लालमाती यांच्या शेवटच्या वाक्याला माझं अनुमोदन. मी निवृत्त परिचारिका, चौतीस वर्षं वॉर्डात काढली, कंबर तिथेच ठेवून आले.

पुण्यातच असाल तर खर्चाची फार धास्ती घेऊ नका. ससूनला फिजिओथेरपीचा विभाग आहे, केसपेपर काढून जाता येतं. गर्दी असते, बाकावर बसायची तयारी ठेवा आणि सकाळची वेळ तुम्हाला जमायची नाही हीच अडचण. रास्ता पेठेत टिळक आयुर्वेद महाविद्यालयाला जोडून ताराचंद रुग्णालय आहे, तिथे पंचकर्म वैद्यांच्या देखरेखीखाली होतं. मी माझ्या कंबरेला तिथे शेक घेतलाय. निर्गुडीच्या पाल्याचा वाफारा मिळाला की निम्मं दुखणं तिथेच गळून जातं असं वाटायचं. कायमचं गेलं का? नाही. पण चार महिने चांगले गेले.

योगासनांचं विचारलंत म्हणून. मॉडेल कॉलनीतली अय्यंगार गुरुजींची संस्था १९७५ पासून आहे, आणि दुखणाईतांना दोर, पट्टे, लाकडी विटा, खुर्च्या लावून आसनं करवून घेणं हे त्यांच्या परंपरेचं वैशिष्ट्यच. तिथे शिकून तयार झालेले शिक्षक पुण्यात ठिकठिकाणी वर्ग घेतात. माझी बाई मला दोराला लटकवून ठेवायची आणि दहा मिनिटं कंबरेवरचा भार उतरायचा. मात्र मनगटावर वजन येणारी आसनं तुम्ही आत्ता करायची नाहीत, हे पहिल्या दिवशीच सांगा. न विचारता सगळ्यांना रांगेत सूर्यनमस्कार घालायला लावणारा वर्ग तुमच्या कामाचा नाही.

टाचांसाठी : लादीवर अनवाणी उभ्या राहत असाल तर आजच बंद करा. रबरी चटई आणि जाड तळाची चप्पल. देवघर शेजारी आहे वगैरे सबबी मी वॉर्डातल्या मावश्यांकडून पुष्कळ ऐकल्यात.

बर्फाळ_मराठी

मी टोरांटोजवळ वृद्धाश्रमात काम करते, दिवसभर माणसं उचलायची, वळवायची, बसवायची. इथे ओंटारिओत मसाज थेरपी हा नोंदणीचा व्यवसाय आहे, परिषद आहे, परवाना लागतो, आणि नोकरीच्या विम्यातून वर्षाला ठरावीक रक्कम मिळते. त्यामुळे चैन वाटत नाही, दात साफ करून घ्यावेत तसं जाते.

पण सांगायचं ते वेगळंच. पहिल्या भेटीत फॉर्ममध्ये विचारलं होतं, "दुखण्यामुळे काय करता येत नाही?" मी लिहिलं, पाठ दुखते. ती म्हणाली, हे नाही, काय करता येत नाही ते लिही. मग मी लिहिलं, डाव्या कुशीवरून आजोबांना वळवता येत नाही, केसांचा अंबाडा घालता येत नाही. तिने त्यावरून दोन मिनिटांत नेमका स्नायू धरला. तुम्हीही जाताना "झाकण, किल्ली, नात" अशी चिठ्ठी करून न्या. आणि हात लावण्याआधी ती दरवेळी विचारते, इथे चालेल का, थांबू का. आपल्याकडे मालिशवाल्या बाईला "हळू" म्हणायचाही संकोच वाटतो, तो सोडा.

पोळपाट

सहा आठवडे झाले, धागा वर काढतेय. काय झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि आता दोन्ही हातांनी टंकतेय!

आधी रक्त तपासलं. साखर बरी, थायरॉइड मात्र नको तितकं सुस्तावलेलं. गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाल्या, हे दुखणं कमीत कमी वर्षभर तरी जुनं असेल. म्हणजे थंडी खरंच वाजत होती. घरात सगळ्यांना सांगून टाकलं.

आता फिजिओ कशी मिळाली ते. नेटवर तारे मोजत बसले, सगळ्यांनाच पावणेपाच तारे. मग विचार केला, डॉक्टरांना कशाला विचारायचं, ज्यांचं हातावर पोट आहे त्यांना विचारावं. आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणारी आहे, पार्लरवाली आहे, आणि तबल्याचा क्लास घेणारे एक गुरुजी. तिघांना एकच प्रश्न, "हात धरल्यावर कुणाकडे जाता?" पार्लरवाली म्हणाली, गोळी घेते. गुरुजी म्हणाले, रियाज करतो (हे गुरुजींना शोभलं). ब्लाउजवालीने मात्र कर्वेनगरातल्या एका मुलीचं नाव दिलं. "तिने मला कात्री बदलायला लावली," म्हणाली. कात्री बदलायला लावणारी फिजिओ! तिथेच ठरवलं.

फोनवर दुपारची वेळ मागितली, पावणेदोनची मिळाली. गोदाकाठ, तुमचं खरं निघालं. आणि पुढचं ऐका : मी म्हटलं, रोज साडेतीनशे पोळ्या लाटते, तर पलीकडे दोन क्षण शांतता. मग म्हणाली, "काकू, येताना पोळपाट-लाटणं घेऊन या. आणि थोडी कणीक."

गेले बाई. रिक्षात मांडीवर पोळपाट, पिशवीत डब्यात कणकेचा गोळा, रिक्षावाला आरशातून बघतोय. तिच्या टेबलावर लाटून दाखवल्या आठ-दहा. तिने मोबाइलवर चित्रण केलं आणि मला माझाच हात दाखवला. अकरा वर्षांत मी तो असा कधी बघितला नव्हता. लाटण्याच्या टोकांना मुठी आवळलेल्या, जणू कुणी ओढून नेणार आहे. अंगठा ताठ, वर चढलेला. प्रत्येक पोळी फिरवताना मनगट करंगळीकडे मुरडतं. आणि उजवा खांदा कानाला लागायला आलेला.

खांद्याचं कारण हसण्यासारखं निघालं. केंद्रावरचा ओटा नवऱ्याने मापून करून घेतला होता, स्वतःच्या मापाने. ते पाच फूट दहा इंच, मी चार फूट अकरा. त्यावर पोळपाट, त्याखाली घसरू नये म्हणून जाड फडकं. ती म्हणाली, दाब द्यायचं काम कोपराच्या साधारण वीतभर खाली असावं, तुमचं जवळपास कोपराला आलंय. उपाय काय तर चार इंचांचा पाट, उभं राहायला. घरात होताच एक, सत्यनारायणाचा. तो नको म्हणून सुताराकडून लांबरुंद दुसरा करून घेतला, वर सदाफुलीताईंनी सांगितलेली रबरी चटई ठोकली.

लाटणंही बदललं. मुठीचं पातळ लाटणं गेलं, बिनमुठीचं जाड सरळ दांडकं आलं, तळहाताखाली फिरवायचं, आवळायचं नाही. पहिले चार दिवस पोळ्या नकाशासारख्या झाल्या. आजोबांचा फोन आलाच. त्यांना म्हटलं, हात शिकतोय, आठवडाभर सांभाळून घ्या. कणीक आता हाताने मळत नाही. जुनं पाच किलोचं मळायचं यंत्र अकरा हजारांना मिळालं, एका केटररने धंदा बंद केला त्याचं. यंत्राची कणीक चांगली नसते असं मीच लोकांना सांगत फिरायचे. पाणी जरा जास्त, तेलाचा हात आणि अर्धा तास झाकून ठेवली की माझी मलाच ओळखू येत नाही.

दुपारी आणि रात्री अंगठ्याचा पट्टा. आठ बैठका झाल्या, चारशे रुपयांप्रमाणे. व्यायाम कंटाळवाणे आहेत, रबराचं कडं बोटांनी ताणायचं वगैरे. इंजेक्शन लागलं तर लागेल म्हणाली होती, अजून तरी वेळ आलेली नाही. दुखणं दहात आठ होतं, आता तीन. किल्ली फिरते. झाकण उघडतं. नातीला उचलायची रीत बदलली, खालून हात घालून, तिला मात्र ती पसंत नाही. येत्या होळीला अडीचशेच्या वर एकही पुरणपोळी घेणार नाही, हे इथे लिहून ठेवते, म्हणजे मोडायला लाज वाटेल.

आणि सुमनबाई. फिजिओने परवानगी दिल्यावर त्यांना निरोप धाडला. सोमवारी केंद्र बंद असतं, तर दुपारी येतात. खांदे, पाठ, पोटऱ्या. मनगटाला हात लावायचा नाही हे सांगितलं तर म्हणाल्या, "मला माहीत आहे, माझं पण तेच झालंय." मी उठून बसले. हात बघते तर अंगठ्याच्या मुळाशी टेंगूळ आल्यासारखं. बावीस वर्षं बाळं आणि बाळंतिणी रगडतात त्या, सकाळी चार-चार घरं. अंगठा गेला तेव्हापासून कोपराने आणि तळहाताच्या टाचेने मालिश करतात, कुणाला कळूही देत नाहीत. म्हणे, "दुखऱ्या हाताची बाई कोण बोलावणार?" कुणाला दाखवलं का विचारलं, तर हसल्या.

पैसे घेईनात. शेवटी असं ठरलं, सोमवारच्या मालिशीचे मंगळवारी पंधरा पोळ्या आणि दोन भाज्या, त्यांच्या घरी पाच माणसं आहेत. लालमाती, तुमच्या तालमीतला हिशेबच झाला हा.

या मंगळवारी पावणेदोनला दोघी मिळून कर्वेनगरला जातोय. त्यांची बैठक माझ्या खात्यात. त्यांना सांगून ठेवलंय, येताना तेलाची बाटली आणा, ती करून दाखवायला लावते.